हाक मारू नका

मी एक लाल बंडी आहे. बिनबाह्यांची, दोन्ही बाजूंना नाड्या असलेली. तुम्ही मला कधी पाहिलं असेल तर हॉस्पिटलच्या वॉर्डातच, आणि पाहिल्यावर गप्प झाला असाल. कारण माझ्या छातीवर आणि पाठीवर पांढऱ्या फितीने लिहिलंय, 'औषध देत आहे. हाक मारू नका.' दुसऱ्यांना गप्प बसवणं हेच माझं काम. तेव्हा मीच बोलायला लागले म्हणजे तुम्हाला नवल वाटेल. पण आमच्या वॉर्डात हल्ली लोक इतकं कमी बोलतात की कोणीतरी बोलायलाच हवं.

माझा जन्म पडद्याचा. दोन खाटांच्या मध्ये मी लटकत असे. एकदा खाट सरकवताना तिच्या चाकात अडकून मी उभी फाटले, आणि मावशींनी मला फडक्यांच्या ढिगात टाकलं. मावशी म्हणजे आमच्या वॉर्डातल्या आया. त्यांच्या हातून काही वाया जात नाही. मीही फरशी पुसता पुसता संपून गेले असते.

त्या ढिगातून मला ताईंनी उचललं.

ताई वॉर्डातल्या सगळ्यात जुन्या सिस्टर. त्यांची एकच तक्रार होती. "मी औषधांची गाडी घेऊन निघाले रे निघाले, की सगळ्यांना माझी आठवण येते," त्या म्हणायच्या. "याला भांडं हवं, त्याच्या मुलाला डॉक्टर कधी येणार ते हवं, डॉक्टरांना कालचा रिपोर्ट हवा. मी आपली गोळी चिमटीत धरून उभी. मान वळवून परत बघते तर ही गोळी कोणाची तेच आठवत नाही. एखाद दिवशी माझ्या हातून कोणाचं तरी बरंवाईट होईल."

त्यांनी मला घरी नेलं, धुतलं, वाळवलं आणि मशीनवर घेतलं. त्यांची आई शेजारी बसली होती. आईंना हल्ली काही लक्षात राहत नसे.

"कोणाचा गं फ्रॉक?" आईंनी विचारलं.

"माझाच."

"ढगळ होईल तुला. अजून केवढीशी आहेस."

ताई हसल्या आणि मशीन चालवत राहिल्या. मला खिसा मात्र त्यांनी मुद्दाम ठेवला नाही. खिसा असला की त्यात फोन जातो, आणि फोन गेला की लक्षही जातं, असं त्यांचं म्हणणं.

वॉर्डातला माझा पहिला दिवस हसण्यातच गेला. मावशी म्हणाल्या, "ताई, चौकात गाड्या अडवायला उभ्या राहणार का काय?" डॉक्टर सवयीप्रमाणे लांबूनच "ताई, जरा इकडे" म्हणून ओरडले. ताईंनी नुसतं माझ्यावर बोट ठेवलं. डॉक्टरांनी वाचलं, कान पकडला आणि खरंच भिंतीला टेकून थांबून राहिले. त्या दिवसापासून ती वॉर्डाची रीतच झाली. औषध देणारीने मला घालायचं. मी अंगावर असेपर्यंत तिच्याशी कोणी बोलायचं नाही आणि तीही पेशंटशी औषधापुरतंच बोलणार. गाडी रिकामी झाली की नाड्या सोडायच्या, कपड्यांच्या खोलीच्या दारामागे मला अडकवायचं आणि मग हव्या तेवढ्या गप्पा मारायच्या.

पाळीपाळीने सगळ्याच जणी मला घालत. घालणारीचं काळीज माझ्या डाव्या बाजूला लागतं. म्हणून मला त्या चेहऱ्याआधी ठोक्यांवरून कळतात. ताईंचे ठोके कसे, भिंतीवरच्या जुन्या घड्याळासारखे. आणि चिमणीचे म्हणजे बस सुटत असल्यासारखे.

चिमणी वॉर्डातली सगळ्यात नवी सिस्टर. हे नाव ताईंनीच ठेवलेलं, तिच्या बारीक आवाजावरून आणि डबा खाताना दाणा दाणा टिपण्यावरून. तिला सुई धरायला ताईंनीच नीट शिकवलं होतं. कॉलेजात शिकून आली होती ती, पण हात थरथरायचे. "बघ चिमणे," ताई म्हणायच्या, "आपण ज्याला टोचतो तो डोळे मिटून घेतो. आपल्या भरवशावर मिटतो. म्हणून आपले उघडे हवेत."

चूक झाली तर ती आधी ताईंना सांगायची, हीही तिथली रीत. एकीने एकदा सकाळची गोळी दुपारी दिली होती. ताईंनी तिला कपड्यांच्या खोलीत नेऊन चांगलं फैलावर घेतलं. मग हाताला धरून डॉक्टरांकडे नेलं, आणि परत येऊन स्वतःच्या हाताने तिला चहा दिला. दाराआड लटकून मी हे सगळं पाहिलंय. म्हणून तर पुढचं सांगताना माझ्या शिवणी ताणल्या जातात.

*

ड्रायव्हरकाका आमच्याकडे आले ते पायाच्या जखमेसाठी. शहरात बस चालवायचे. साखरेचा आजार, त्यात बूट चावला आणि टाच चिघळली. एरवी ते गोळ्यांवर असत, पण जखम भरेपर्यंत डॉक्टरांनी जेवणाआधी इन्सुलिनची सुई लावली होती.

मला पाहिलं की ते तोंडावर हात ठेवायचे. "लाल सिग्नल. गाडी थांबली बघा." मग खुणेनेच जेवलो, झोपलो, पाय दुखतो असं सांगायचे. शेजारच्या खाटा हसायच्या. त्यांची बायको म्हणायची, "घरी नाही हो असे गप्प बसत. अशी एक बंडी मला शिवून द्या."

त्या दुपारी मी ताईंच्या अंगावर होते. जेवणाच्या गाड्या अजून यायच्या होत्या. ताईंनी काकांच्या बोटाला टोचून साखर पाहिली, सुई भरली, दंडात दिली आणि वापरलेली सुई ट्रेमध्ये ठेवली. ठोके नेहमीसारखे.

तेवढ्यात टेबलावरचा फोन वाजला. चिमणीने घेतला. मग ती धावत आली, माझ्यासमोर थबकली, माझी अक्षरं वाचली. तिने ओठ चावला. मला वाटतं, तिने मनात स्वतःशी भांडूनही पाहिलं असेल. आणि मग म्हणाली,

"ताई, शेजारच्या काकूंचा फोन आहे. आई घरात नाहीयेत. दार उघडंच आहे."

माझ्या आजवरच्या आयुष्यात मला ओलांडून आलेली ती पहिली हाक.

ताईंचं काळीज असं उसळलं की माझ्या नाड्यांची गाठ हलली. त्या टेबलाकडे धावल्या. फोनवर बोलल्या, कुठे कुठे शोधायचं ते सांगितलं, पाणी प्यायल्या. काही वेळाने पुन्हा फोन आला. आई कोपऱ्यावरच्या दुकानाच्या पायरीवर बसलेल्या सापडल्या होत्या. चिमणीने ताईंना मिठी मारली. ताईंनी डोळे पुसले आणि गाडीकडे परत आल्या.

गाडी काकांच्या खाटेपाशीच उभी होती. ताईंनी बाटली उचलली आणि सुई भरली.

"सिस्टर," काका म्हणाले, "आत्ताच टोचलंत ना?"

"ते साखर बघायला हो. बोटाला."

"नाही, दंडालापण..." ते म्हणाले, आणि मग माझ्याकडे पाहून त्यांनी नेहमीसारखा तोंडावर हात ठेवला. सिग्नल होता ना. त्यांनी दंड पुढे केला आणि डोळे मिटले.

ताईंचे उघडे होते. पण त्यांना दिसत होती दुकानाची पायरी.

*

त्या दिवशी ताई मला काढायलाच विसरल्या. जेवणं झाली. काकांना भाजी आवडली नाही, त्यांनी अर्धं ताट तसंच ठेवलं. थोड्या वेळाने त्यांची बायको ओरडली, "अहो, हे बघा कसं करतायत!"

काका घामाने निथळले होते. दात घट्ट मिटले होते आणि हातपाय झटके देत होते. ताईंनी बोटाला टोचलं. छोट्या यंत्रावर आकडा आला, आणि तो बघताच त्यांचं काळीज एक ठोका चुकलं. मग त्यांनी गाडीवरच्या ट्रेकडे पाहिलं. प्रत्येक खाटेच्या कप्प्यात वापरलेली एकच सुई असते. काकांच्या कप्प्यात दोन पडल्या होत्या.

पुढचं त्यांनी ज्या सफाईने केलं ते कोणीही बघत राहावं. काकांना कुशीवर वळवलं, चिमणीला हात धरायला सांगितलं, साखरेचं पाणी शिरेतून दिलं. झटके थांबले. काकांनी डोळे उघडले. त्यांच्या बायकोने ताईंचे दोन्ही हात आपल्या कपाळाला लावले. "तुम्ही होतात म्हणून हो, ताई. तुम्ही होतात म्हणून."

तेव्हा मी ताईंच्या अंगावर नसते तर बरं झालं असतं.

डॉक्टर धावत आले. पहिलाच प्रश्न त्यांनी विचारला तो बरोबरच होता. "शुगर बघितली?"

ताईंनी श्वास घेतला. तो श्वास माझ्या कापडाला आजही आठवतो.

"बघितली. ठीक होती."

"ताईंनी बघितली म्हणजे प्रश्नच नाही," डॉक्टर म्हणाले. ते मेंदूबद्दल, फिटबद्दल बोलू लागले. रक्त तपासायला गेलं तोवर साखर वर आली होती. खाटेच्या पलीकडे काकांचा हात धरून चिमणी उभी होती. तिने ट्रेकडे पाहिलं, मग ताईंकडे. शिरेतून साखर कधी देतात हे तिला ताईंनीच शिकवलं होतं. तिने काकांचा हात आणखी घट्ट धरला.

ताईंनी काकांना वाऱ्यावर सोडलं असं मात्र कोणी म्हणू नये. ड्यूटी संपली तरी त्या घरी गेल्या नाहीत. अंधार पडेपर्यंत त्यांच्याजवळ स्टूल टाकून बसल्या. घोट घोट गोड दूध पाजत होत्या, पुन्हा पुन्हा बोट तपासत होत्या. घरी त्यांची आई वाट बघत होती. काकांची बायको येणाऱ्याजाणाऱ्याला सांगत होती, "पोटची मुलगीसुद्धा एवढं करणार नाही." प्रत्येक वेळी ताईंची मान आणखी खाली जात होती.

*

दुसऱ्या दिवशी मेंदूचा फोटो काढला. त्यात काही सापडलं नाही. तरी डॉक्टर काकांच्या उशाशी येऊन म्हणाले, "पुन्हा फिट येणार नाही असं सांगता येत नाही. गोळ्या सुरू करू. आणि काका, बस मात्र आता नाही. उद्या तुमच्या डेपोला तसं कळवावं लागेल. चालवताना फिट आली तर मागे बसलेल्यांचं काय?"

काकांनी पट्टी बांधलेला पाय जवळ ओढला.

"होईल हो काहीतरी," त्यांची बायको म्हणाली. "बसून करायचं काम देतील."

"बसूनच करत होतो की मी," काका म्हणाले.

शेजारची खाट सवयीने हसली आणि मग तिलाच कसंतरी झालं. काकांनी चादर गळ्यापर्यंत ओढली. चादरीखाली त्यांचे हात हलताना मला दिसत होते. डावीकडे पूर्ण वळवून, मग हलकेच सरळ. कुठला तरी रोजचा चौक असणार.

त्याच दिवशी कपड्यांच्या खोलीत चिमणीने ताईंना गाठलं. मी दारामागे होते. ताई चादरींच्या घड्या घालत होत्या.

"ताई, दोन सुया होत्या."

घडी घालणारे हात थांबले नाहीत. "माहीत आहे."

"तुम्ही सांगा ना. तुम्ही चहा देता ना नंतर, तसा मी देईन तुम्हाला."

"वेडी आहेस का? माणूस जगला ना?"

"जगला. पण त्यांची बस..."

"गोळ्या काय, चार महिन्यांनी बंद करतील. बसही देतील मग."

"डॉक्टर म्हणाले, एकदा कागद गेला की कोणी परत देत नाही. ताई, त्यांना फिटचा आजार नाहीये."

ताईंनी घडी बाजूला ठेवली. त्यांचा असा आवाज मी तोवर ऐकला नव्हता. "आणि माझं काय होईल याचा विचार केलास? मी घरी बसले तर आईला कोण बघणार? तिला आंघोळ घालायला बाई येते ती माझ्या पगारावर. आणि चिमणे, हाक कोणी मारली होती?"

चिमणीचा चेहरा पांढरा पडला. ताईंनाही ते वाक्य तोंडातून गेल्यावरच ऐकू आलं असावं, कारण त्यांनी हात पुढे केला. पण चिमणी मागे सरकली होती.

"मीच मारली," ती म्हणाली. "तेही सांगणार आहे. पण आधी तुम्ही सांगा, ताई. उद्या ते घरी जायच्या आत. मला नका सांगायला लावू."

ती गेली. ताई चादरींच्या ढिगावर डोकं टेकून उभ्या राहिल्या. थोड्या वेळाने मावशी आत आल्या. त्यांनी बाहेरून सगळं ऐकलं होतं.

"पोरीला मी समजावते," मावशी म्हणाल्या. "तुम्ही मनाला लावून घेऊ नका."

ताई नको म्हणाल्या नाहीत.

मावशींनी समजावलं म्हणजे काय, तर लादी पुसता पुसता चिमणीला म्हणाल्या, "ज्यांनी हात धरून शिकवलं त्यांचाच हात कापायला निघालीस होय गं? तुझ्याकडून कधी काही सांडणार नाही का? तेव्हा कोण येणार तुझ्या मागे?" चिमणीने पाय उचलून घेतले, मावशींना नीट पुसता यावं म्हणून.

*

दुसऱ्या दिवशी सकाळी मी चिमणीच्या अंगावर होते. काकांची पिशवी भरून तयार होती. डॉक्टर राउंडला आले, त्यांच्या मागे ताई. डेपोला द्यायचा कागद डॉक्टरांच्या हातात होता.

चिमणीची गाडी काकांच्या खाटेपाशी आली आणि थांबली. तिचं काळीज मला धडका देत होतं. तिने ताईंकडे पाहिलं. ताई खिडकीबाहेर बघत होत्या. डॉक्टरांनी कागदावर सही करायला पेन उघडलं. चिमणीने पुन्हा एकदा ताईंकडे पाहिलं.

मग तिने माझ्या नाड्या सोडल्या. राउंड अर्धा राहिला असताना मला कोणी काढल्याचं मला आठवत नाही. मला तिने काकांच्या खाटेच्या दांडीवर ठेवलं, नीट, अक्षरं वर करून, आणि त्या बारीक आवाजात म्हणाली,

"डॉक्टर, मला बोलायचं आहे. काकांना फिटचा आजार नाही. त्यांना इन्सुलिन दोनदा गेलं होतं. ताई औषध देत होत्या आणि मी त्यांना हाक मारली."

वॉर्डात कोणाच्या तरी ताटलीवरचा चमचा खाली पडला. डॉक्टर ताईंकडे वळले. "ताई? शुगर ठीक होती म्हणालात तुम्ही."

ताई नाही म्हणू शकल्या असत्या. त्यांचा शब्द आणि त्या नव्या पोरीचा शब्द, यात कोणाचा धरला जाईल हे सगळ्यांना ठाऊक होतं. त्यांनी डॉक्टरांकडे पाहिलं नाही. त्यांची नजर खाटेच्या दांडीवर, माझ्यावर आली. स्वतःच शिवलेली अक्षरं त्या वाचत होत्या.

"ठीक नव्हती," त्या म्हणाल्या. "फार खाली होती."

काका उठून बसले होते. ते ताईंना म्हणाले, "मी म्हणालो होतो, आत्ताच टोचलंत. मी म्हणालो होतो ना, सिस्टर?" आवाजात राग नव्हता. हरवलेली वस्तू दुसऱ्याच कोणाच्या घरात दिसल्यावर होतो तसा तो आवाज होता. मग त्यांनी डॉक्टरांना विचारलं, "मग माझी बस?"

"पाय बरा झाला की चालवा," डॉक्टर म्हणाले आणि त्यांनी कागद फाडला.

काका रडले. त्यांच्या बायकोने त्यांच्या पायांवर चादर सारखी केली. तिने ताईंकडे पाहिलं नाही आणि चिमणीकडेही पाहिलं नाही. ज्या हातांना तिने कपाळ लावलं होतं ते हात ताईंनी पाठीमागे घेतले होते.

*

मला वाटलं होतं, आता कोणीतरी ताईंना चहा देईल. ती रीत होती ना. चिमणी खरंच कप भरून घेऊन गेली. सिस्टरांच्या खोलीचं दार ताईंनी आतून लावून घेतलं होतं. कप बाहेर तसाच गार झाला.

चौकशी झाली. ताईंना वॉर्डातून काढून लांबच्या एका दवाखान्यात पाठवायचं ठरलं, औषधांना हात न लावण्याच्या कामावर. तिथून रोज घरी येणं शक्य नव्हतं. आईंना एकटं ठेवता येत नव्हतं. ताईंनी नोकरी सोडली. चिमणीला ताकीद मिळाली, हाक मारल्याबद्दल.

काका जखमेच्या पट्टीसाठी आमच्याकडे परत आले नाहीत. दुसरीकडे जातात असं कळलं. त्यांचं तरी काय चुकलं? इथे ते डोळे मिटून बसणार कसे?

आणि वॉर्डाने चिमणीशी बोलणं सोडलं. भांडण कोणी केलं नाही. ती आली की बोलणं थांबायचं, एवढंच. चहा सगळ्यांना यायचा आणि तिच्यापाशी किटली रिकामी व्हायची. एकदा दोघी जणी मला दारामागून काढत होत्या. एक म्हणाली, "हळू. चिमणीच्या कानावर गेलं तर डॉक्टरांच्या कानावर गेलंच समज." दुसरी हसली. चिमणी कपाटाआड उशांचे अभ्रे मोजत होती. तिने ऐकलं. मोजणं चुकलं, तिने पुन्हा पहिल्यापासून सुरू केलं.

मला अधिक वाईट वाटतं ते दुसऱ्याच गोष्टीचं. मागे एकीने उशिरा गोळी दिली तर ती स्वतः ताईंकडे धावत गेली होती. परवा तीच एक गोळी द्यायची विसरली. मी तिच्या अंगावर होते. तिने इकडेतिकडे पाहिलं, चिमणी कुठे आहे ते पाहिलं, आणि गोळी मुठीत घेऊन राउंड संपल्यावर बेसिनमध्ये सोडली. चिमणीने जे केलं त्यावरून वॉर्ड हेच शिकला. नीट लपवायला.

मग चिमणीला एक सवय लागली. गाडी रिकामी झाली तरी ती मला काढत नाही. चादरी घालताना मी तिच्या अंगावर, डबा खाताना मी तिच्या अंगावर. सुरुवातीला मला वाटलं, ही विसरते. मग कळलं. मी अंगावर असले की लोक बोलत नाहीत याला कारण असतं. नियम असतो. मला काढलं की कारण उरत नाही.

मावशी तिच्याशी बोलत नाहीत. पण एकदा फरशी पुसताना त्या बादलीला म्हणाल्या, अगदी मोठ्याने, "तो ड्रायव्हर दिसला आज बसवर. हॉर्न देत चालला होता." बादली काय बोलणार? चिमणी डबा खात होती. तिचा घास तोंडातच राहिला. माझ्या डाव्या बाजूला कितीतरी वेळ तिचं काळीज बस सुटत असल्यासारखं धावत होतं.

गेल्या आठवड्यात ताई आल्या, कपाटातलं उरलेलं सामान न्यायला. कप, चपला, विणलेला जुना स्वेटर. कपड्यांच्या खोलीत चिमणी एकटीच होती, घड्या घालत. अंगावर मी.

ताई दारात थांबल्या. त्या वाळल्या होत्या. त्यांनी तोंड उघडलं आणि मग त्यांची नजर माझ्यावर पडली. त्यांनी तोंड मिटलं. माझा पहिला नियम त्यांचाच होता आणि तो त्यांनी कधी मोडला नव्हता. चिमणी चादर छातीशी धरून उभी राहिली.

माझ्यावरचं एक अक्षर सुटून लोंबत होतं. ताईंना ते दिसलं. त्यांनी सामान खाली ठेवलं, पर्समधून सुईदोरा काढला, चिमणीच्या जवळ गेल्या आणि अंगावर असतानाच मला शिवू लागल्या. चिमणी श्वाससुद्धा जपून घेत होती. दोन काळजं इतकी जवळ मी कधी ऐकली नव्हती. ताईंचं आता घड्याळासारखं राहिलं नव्हतं. दोरा तोडायला ताईंनी मान वाकवली, क्षणभर त्यांचं कपाळ चिमणीच्या खांद्याला टेकलं. त्यांचा हात माझ्या नाडीपर्यंत आला. गाठ त्यांच्या बोटांत होती. ओढली असती तर मी सुटले असते आणि मग बोलायला काही आडवं आलं नसतं.

त्यांनी गाठ सोडून दिली. अक्षरावरून हात फिरवला, सामान उचललं आणि गेल्या.

"ताई," चिमणी म्हणाली. तोवर जिन्यावर पावलंही ऐकू येत नव्हती.

आता नव्या छापील बंड्या येणार आहेत असं ऐकते. कडक, चमकणाऱ्या, खिसा असलेल्या. मी विटले आहे, माझ्या कडा उसवल्या आहेत. मावशी मला पुन्हा त्या ढिगात टाकतील आणि यावेळी उचलायला ताई नसतील. फरशी पुसायला माझी ना नाही.

पण जाण्याआधी एवढं सांगते. मला घातलेल्या बाईला हाक मारू नका, हे मी जन्मभर सांगत आले आणि ते खरंच आहे. त्यात कोणाचा तरी जीव असतो. मात्र ती गाडी रिकामी करून आली, दमून खुर्चीत बसली आणि तरीही तिने मला काढलं नाही, तर समजून घ्या. जवळ जा. माझ्या नाड्या दोन्ही बाजूंना आहेत, कोणालाही सोडता येतात. त्या सोडा, मला दारामागे अडकवा आणि तिला हाक मारा. चिमणी म्हणतात तिला.